'ग्रोथ'ला वाढ म्हणायचं की प्रगती?

सई_माहीम:
शाळेच्या पालक-पत्रिकेसाठी एका इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. शाळा चाचण्यांवरून मुलांचं शिकणं कसं मोजतात, असा विषय. मूल आज कुठे आहे त्याला 'संपादणूक' आहेच. अडलंय 'ग्रोथ'वर. समजा एका मुलीला जूनमध्ये ४० पैकी १२ आणि ऑक्टोबरात १९ मिळाले. एका मुलाला दोन्ही वेळा ३६. हुशार तो, पण पुढे सरकली ती. या ७ ला काय म्हणायचं? मी 'वाढ' लिहिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "वाढ उंची-वजनाची. अंगणवाडीत लिहितात ती. प्रगती लिहा." पण प्रगतिपुस्तकात 'प्रगती समाधानकारक' हा शेरा आमच्याकडे ३६वाल्यालाच मिळतो!

गिरगावकर:
'वाढ' नकोच. 'गुणवाढ' वाचलं की पालक पेपर पुन्हा तपासायचा अर्ज मागायला येतील.

खडू_फळा:
शिक्षिका आहे म्हणून सांगते, 'प्रगती'चंही वाटोळं झालंय. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला, पायाभूत चाचण्या आल्या आणि आमच्या स्टाफरूममध्ये पोरं सरसकट 'प्रगत' नि 'अप्रगत' झाली. चालणं गेलं, नुसता शिक्का उरला. आणि सईताई, दोन्ही पेपर सारखेच कठीण होते का? ऑक्टोबरचा सोपा निघाला असेल तर तुमच्या ७ ला काही अर्थ नाही, शब्द कुठलाही लावा.

सई_माहीम:
ते लेखात आहे. शब्द सांगा ना!

परळचा_बंड्या:
शासकीय शब्दांचं नाव काढलंत म्हणून. २०१० ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा पोरीच्या शाळेतून 'आकारिक मूल्यमापन सोमवारपासून' अशी चिठ्ठी आली. आमचे बाबा चष्मा लावून म्हणाले, "आकार किती ते लिहिलंच नाही. रोख भरायचा की चेक?" विजेच्या बिलात स्थिर आकार असतो ना, तसा.

गिरगावकर:
हाहा! 'फॉर्मेटिव्ह'चा शब्दशः तर्जुमा. मूल्यमापनाचा अभ्यासक मायकेल स्क्रिव्हननं १९६७ मध्ये फॉर्मेटिव्ह (शिकणं चालू असताना, सुधारणेसाठी) आणि समेटिव्ह (शेवटी, एकूण निकालासाठी) ही जोडी मांडली तेव्हा त्याला काय ठाऊक, लोक पैसे घेऊन उभे राहतील. 'घडणचाचणी' का नाही केलं?

खडू_फळा:
काका, वर्गात आम्ही 'आकारिक' आणि 'संकलित'च म्हणतो. रुळलंय आता. घडणचाचणी म्हटलं तर मुलं मडकी आणतील.

नाना_ठाणे:
मुळात 'चाचणी' तरी आपली आहे का? माझा तर्क असा की ती फारसी 'चाशनी'वरून आली. चाशनी म्हणजे चव, चवीपुरता नमुना. आई पाकाचा थेंब दोन बोटांत धरून तार बघायची, ती खरी चाचणी. पूर्ण पातेलं खाऊन बघत नाहीत.

गिरगावकर:
नाना, 'चाचपणे' घरात असताना इराणला कशाला जाता? अंधारात हात फिरवून अंदाज घेणं. आमच्या मास्तरांचे पेपर तसेच असायचे.

शुद्धमती:
परीक्षा म्हणजे परि + ईक्ष्, चहूबाजूंनी पाहणे. इतका नेमका शब्द असताना चाचणी हवीच कशाला? आणि सईताईंनी 'प्रगतिपुस्तक' ऱ्हस्व लिहिलं, अभिनंदन. सरकार 'प्रगतीपत्रक' छापतं.

परळचा_बंड्या:
तीन तासांत चहूबाजूंनी? आमच्याकडे 'नापास' नि 'ढकलपास'वर भागायचं. दोन्ही अर्धे इंग्रजी, दोन्ही पहिलीतल्या पोराला कळायचे.

शुद्धमती:
म्हणून काय पत्रिकेत छापायचे?

नाना_ठाणे:
सईताई, 'मजल' कसं वाटतं? मुलीची मजल ७ गुणांची. मजल-दरमजल.

खडू_फळा:
'तिची मजल तिथवरच' असंही म्हणतात हो. पालक चिडतील.

सई_माहीम:
पत्रिका उद्या छपाईला जातेय. तूर्त 'आधीपेक्षा किती पुढे' असं वाक्यच घातलंय. शीर्षकात मावत नाहीये.

शुद्धमती:
'आधीपेक्षा' की 'पूर्वीपेक्षा'?