दक्षिण चीन समुद्र भारताच्या धडकेनं उघडला? मला नाही पटत

गोदाकाठ_नांदेड:
भारत आशियाला भिडला, त्या रेट्यानं इंडोचायना (व्हिएतनाम-लाओसकडचा भाग) रेड रिव्हर फॉल्टवरून, म्हणजे जमिनीतल्या लांब भेगेवरून, आग्नेयेला सरकला अन् मागं फट पडली तो दक्षिण चीन समुद्र, हे लोक असं ठोकून सांगतात जसं कुणी उभं राहून बघितलंय. तिथल्या किनाऱ्यावर जमीन ताणायला लागली साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्याकडं विहिरीला सुरुंग लावावा लागतो तो काळा पाषाण लाव्हा होऊन वाहत होता त्याच सुमारास, अन् तेव्हा भारत विषुववृत्ताच्याही खाली होता. भिडायच्या आधीच रेटा कुठून आला राव? माझ्या मते दक्षिणेला जुना समुद्र, प्रोटो साउथ चायना सी, बोर्निओखाली घुसत होता, त्यानंच ओढलं.

भूगर्भ_लातूर:
दादा, दोन गोष्टी कालवताय. जमीन ताणणं वेगळं अन् समुद्राचा तळ तयार होणं वेगळं. तळ सुरू झाला ३.३ कोटी वर्षांपूर्वी, थांबला १.५ कोटीच्या आसपास. २०१४ ला जॉइडस रिझोल्यूशन जहाजानं तिथला बसाल्ट (थिजलेला लाव्हा) ड्रिल करून काढला, त्यातनं हे पक्कं झालं. अन् रेड रिव्हरचं सरकणं पण बऱ्यापैकी त्याच काळातलं. तापोनिए या फ्रेंच भूशास्त्रज्ञाच्या मंडळींनी १९८२ लाच प्लॅस्टिसिनमध्ये (मऊ मातीसारखा माल) भारतासारखा ठोकळा घुसवून दाखवलंय की माल बाजूला सरकतो.

गोदाकाठ_नांदेड:
त्या प्रयोगात पूर्वेची बाजू मोकळी सोडलेली होती. मोकळी सोडल्यावर माल तिकडंच जाणार, दुसरं काय होईल? अन् समुद्र उघडला मुख्यतः उत्तर-दक्षिण, मग आग्नेयेला सरकणाऱ्या तुकड्यानं तो कसा काय उघडला?

तेरणाकाठ:
रेटा खोटा म्हणू नका भाऊ, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्ही किल्लारीच्या बाजूला काढलीय.

गोदाकाठ_नांदेड:
काका, रेटा नाही असं कुठं म्हणलो? तो आजही आहे, किल्लारी त्यातलंच. फक्त तिकडच्या समुद्राचं सगळं बिल भारताच्या नावावर फाडू नका एवढंच.

भूगर्भ_लातूर:
मग तुमचा तो बुडालेला समुद्र दाखवा! भूकंपलहरींवरनं मॅन्टलचे (पृथ्वीच्या कवचाखालच्या थराचे) नकाशे काढतात, त्यात त्या स्लॅबची, म्हणजे खाली घुसलेल्या समुद्रतळाच्या तुकड्याची, जागा प्रत्येक जण वेगळी दाखवतो.

गोदाकाठ_नांदेड:
अन् तुमचा फॉल्ट किती सरकला ते तरी ठरलंय का? तापोनिए गट ५०० किमीच्या वर सांगतो, बाकीचे काही निम्म्यावर पण येत नाहीत. निम्मंच सरकलं असेल तर एवढा रुंद समुद्र कुणी उघडला?

भूगर्भ_लातूर:
उरलेलं तुमच्या स्लॅबनं ओढलं असं धरू. पण पहिला ढकल भारताचाच, त्यावर मी ठाम.