मदत हवी आहे: पोस्टग्रेसमध्ये एका ६२० एमबीच्या फाइलपाशी बॅकअप अडतोय

सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडच्या प्रतिमा आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो. टेबल साधं आहे: नमुना क्रमांक, तारीख आणि प्रतिमेसाठी बाइट-ए (कच्चे बाइट साठवणाऱ्या) प्रकारचा एक कॉलम. बहुतेक फाइली ३०-४० एमबीच्या, त्यामुळे वर्षभर काही जाणवलं नाही. मागच्या आठवड्यात ६२० एमबीची एक फाइल आली आणि विनातक्रार आत गेली. त्या रात्रीपासून पीजी-डंप (पोस्टग्रेसचं बॅकअप साधन) त्या टेबलपाशी ही एरर देऊन थांबतो:

इनव्हॅलिड मेमरी अलॉक रिक्वेस्ट साइझ १३००२३४२४३ (म्हणजे मेमरीची इतक्या बाइटची मागणी अमान्य)

फाइल आहे ६५०११७१२० बाइटची. बाइट-ए कॉलममधल्या एका फाइलची मर्यादा १ जीबीची, म्हणजे ही आत बसते. रॅम वाढवून पाहिली, काही फरक नाही. सगळ्यात जिवाला लागलं ते वेगळंच. बॅकअपची स्क्रिप्ट डंपचा एक्झिट कोड (काम नीट संपलं का ते सांगणारा आकडा) तपासत नव्हती. चार रात्री अर्धवट फाइल बनत होती आणि आम्ही बॅकअप आहे म्हणून निर्धास्त.

ही ओळ सुखरूप बाहेर कशी काढू? आणि पुढे लार्ज ऑब्जेक्ट (पोस्टग्रेसमध्येच मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची सोय) वापरू की फाइली डेटाबेसबाहेर ठेवू? बाहेर ठेवायला मन धजत नाही. नोंद आहे पण प्रतिमा नाही, असं एकदाही होऊन चालणार नाही.

प्रतिसाद १

एररमधला आकडा पाहा: फाइलच्या बाइटची दुप्पट अधिक ३. डंप बाइट-ए हेक्समध्ये लिहितो. एका बाइटची दोन अक्षरं, सुरुवातीच्या खुणेची दोन आणि शेवटचा एक शून्य बाइट. एका वेळी मागायच्या मेमरीवर १ जीबीची मर्यादा प्रोग्राममध्येच ठरलेली आहे, रॅमने ती हलत नाही. म्हणून १ जीबीपर्यंत आत जातं, पण ५१२ एमबीच्या आसपास गेलं की बाहेर काढताना अडतं.

आज सबस्ट्रिंगने (ठरावीक भाग कापून देणारं फंक्शन) ५०-५० एमबीचे तुकडे काढून जोडा, मूळ फाइल हाताशी असेल तर दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बाइटवरून निघणारा ठसा) जुळवा, मगच ओळीला हात लावा.

पुढे लार्ज ऑब्जेक्ट. आवृत्ती ९.३ पासून एकेक ४ टीबीपर्यंत जातो, तुकड्यातुकड्याने वाचता येतो आणि ट्रान्झॅक्शनही तीच राहते, म्हणजे नोंद आणि प्रतिमा दोन्ही जातात किंवा एकही नाही. मात्र ओळ पुसली तरी ऑब्जेक्ट मागे उरतो. त्यासाठी एलओ एक्स्टेन्शनचा ट्रिगर (ओळ पुसली की ऑब्जेक्टही आपोआप पुसणारा) लावा किंवा व्हॅक्यूम-एलओ (बेवारस ऑब्जेक्ट साफ करणारं साधन) चालवा. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये (टेबलांतले बदल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवताना) मात्र लार्ज ऑब्जेक्ट जात नाहीत.

प्रतिसाद २

मी फाइली बाहेरच ठेवेन, नाहीतर रोजचा डंप फुगतच जाणार. तुमची भीती क्रम पाळला की सुटते. आधी फाइल लिहून डिस्कवर पक्की करा, मग नोंद कमिट (कायम) करा. मध्येच वीज गेली तर बेवारस फाइल उरेल, प्रतिमेविना नोंद कधीच नाही. पुसताना उलटं: आधी नोंद, मग फाइल. नोंदीत आकार आणि हॅश ठेवा. बॅकअप घेतानाही आधी डंप, मग फाइली.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. १३ तुकडे काढले, हॅश जुळला. ओळ बाजूला काढल्यावर डंप पूर्ण झाला, तो दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करूनही पाहिला. स्क्रिप्टही आता एक्झिट कोड तपासते.

बॅकअपचा क्रम माझ्या ध्यानातच आला नव्हता. फाइली बाहेर नेतोय. एक शंका: बेवारस फाइली शोधताना नुकतीच लिहिलेली, अजून कमिट न झालेली फाइल चुकून पुसली जाऊ नये म्हणून २४ तासांपेक्षा जुन्याच तपासल्या तर पुरेल ना?