कार्डाशिवायचा डेस्कटॉप : प्रोसेसर निवडताना आतील ग्राफिक्सला किती महत्त्व द्यावे?

मूळ लेख

स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नसेल, तर प्रोसेसर त्यातील ग्राफिक्स पाहूनच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२२ च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा कोअर आय५-१२४०० अजूनही डोळे झाकून सुचवला जातो. प्रोसेसर म्हणून तो उत्तमच आहे, परंतु त्यातील यूएचडी ७३० हे ग्राफिक्स इतके दुबळे आहे की नवे गेम त्यावर अक्षरशः रखडतात. याउलट २०२४ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ५ ८६००जी मध्ये ८ कम्प्यूट युनिट्सचे (म्हणजे ग्राफिक्सची आकडेमोड करणाऱ्या ८ गटांचे) रेडिऑन ७६०एम आणि रायझन ७ ८७००जी मध्ये १२ युनिट्सचे ७८०एम आहे. १०८०पी (फुल एचडी) वर सेटिंग्ज खाली आणल्या की बरेचसे गेम त्यांवर समाधानकारक चालतात. मग घरातल्या एकुलत्या एका संगणकासाठी कार्डाचा भुर्दंड कशाला सोसायचा?

प्रतिसाद १

असहमत. युनिट्स कितीही वाढवली, तरी त्यांना डेटा पुरवणारी मेमरी साधी रॅमच राहते. डीडीआर५-५२०० रॅमच्या (शेवटचा आकडा वेगाचा) दोन स्टिक लावल्या तर सेकंदाला ८३.२ जीबी मिळतात, आणि त्यांतही प्रोसेसर वाटेकरी असतो; आरएक्स ६६०० सारख्या मध्यम कार्डाला स्वतःच्या मेमरीतून २२४ जीबी मिळतात. म्हणूनच ७८०एम मध्ये ७६०एम पेक्षा दीडपट युनिट्स असूनही सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम (चित्रे) दीडपट होत नाहीत. शिवाय एएमडीच्याच त्याच झेन ४ पिढीच्या रायझन ५ ७६०० मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतील जलद मेमरी) ३२ एमबी आहे, तर ८६००जी मध्ये निम्मा, आणि कार्डाकडे डेटा नेणाऱ्या लेन (मार्गिका) ही आठच. त्यामुळे ७६०० घ्यावा, त्यातील २ युनिट्सवर तूर्त स्क्रीन चालवावी आणि सवडीने कार्ड बसवावे, हेच शहाणपणाचे.

प्रतिसाद २

मेमरीचा मुद्दा रास्त आहे, पण निम्मे नुकसान दुकानातच होते. १६ जीबीची एकच स्टिक लावून संगणक हाती दिला जातो, बँडविड्थ (सेकंदाला मिळणारा डेटा) थेट ४१.६ जीबीवर येते आणि बोल मात्र ग्राफिक्सला लागतो. संगणकातील भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये चॅनेलसमोर ‘४ × ३२ बिट’ दिसायला हवे. ‘२ × ३२ बिट’ दिसत असेल, तर आधी दुसरी स्टिक आणावी आणि मगच ८६००जी बद्दल मत बनवावे.

प्रतिसाद ३

चर्चा गेमभोवतीच फिरते आहे. लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणाऱ्यांचे आजचे मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांचा जास्त तपशील राखणाऱ्या, संकुचित प्रकारचे) फुटेज देतात. ते हार्डवेअरवर उलगडण्याची सोय त्याच ‘दुबळ्या’ यूएचडी ७३० मध्ये आहे, ७८०एम मध्ये नाही. एडिटिंगची टाइमलाइन अडखळू लागली की फ्रेमचे आकडे कामाला येत नाहीत. फक्त चार पैसे वाचवण्यासाठी १२४००एफ घेऊ नये, कारण ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसते.

मूळ लेखकाचे उत्तर

प्रतिसाद ३ मधील व्यवसायासाठी इंटेलच घ्यावा, यात दुमत नाही. प्रतिसाद १ मधील लेनचा आक्षेप मात्र टिकत नाही, कारण तुम्ही उदाहरणादाखल दिलेले आरएक्स ६६०० हे कार्ड स्वतःच आठ लेन वापरते. कॅशेची उणीवही वरच्या दर्जाचे कार्ड लावल्यावरच ठळकपणे जाणवेल. आणि ‘सवडीने’ घ्यायचे कार्ड येईपर्यंत २ युनिट्सवर खेळायचे काय? लेनची खरी अडचण त्याच मालिकेतील ८५००जी मध्ये आहे. तिथे कार्डाला चारच लेन मिळतात, तेव्हा तो घेऊन पुढे कार्ड लावण्याचा बेत आखू नये.

प्रतिसाद १ चे प्रत्युत्तर

आरएक्स ६६०० पुरता लेनचा मुद्दा सोडतो. पण मग ८७००जी ची शिफारस तरी कशासाठी? बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ३२९ डॉलर होती आणि ८६००जी ची २२९. ज्याला आठ कोअरचे काम नाही, त्याने मेमरीअभावी अडून राहणाऱ्या चार जादा युनिट्ससाठी १०० डॉलर का मोजावेत? त्यापेक्षा ८६००जी आणि अधिक वेगवान डीडीआर५-६००० च्या दोन स्टिक घेणे मला पटेल.