सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणजे मालकी हक्कही गेला का?

प्रश्न – कृष्णाकाठ

आमची वडिलोपार्जित शेतजमीन सातारा जिल्ह्यात आहे. आजोबा १९५२ साली वारले, त्यानंतर जमीन वडिलांच्या नावे झाली. वडील १९९८ मध्ये गेले तेव्हा वारस नोंदीत आई, माझे दोघे भाऊ आणि मी, अशी चौघांची नावे लागली होती. माझा विवाह १९९१ मध्ये झाला असून मी तेव्हापासून बाहेरगावी राहते. २००२ मध्ये विकास सोसायटीच्या पीककर्जासाठी लागतात असे सांगून स्टॅम्पपेपरवर माझ्या सह्या घेण्यात आल्या होत्या. यंदा उतारा काढला तेव्हा माझ्या नावाला कंस केलेला, म्हणजे नाव कमी केलेले दिसले. ते हक्कसोडपत्राच्या आधारे मंजूर झालेल्या फेरफारामुळे (नोंदीतील बदलामुळे) झाले, असे तलाठी कार्यालयात समजले. हे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले नाही. आता थोरल्या भावाने जमीन विकण्याची बोलणी सुरू केली आहेत. सातबाऱ्यावर नाव नसताना मला मालक म्हणून हरकत घेता येईल का? आई हयात आहे, परंतु ती या विषयावर बोलत नाही.

उत्तर – दिवाणी वकिली, पुणे

होय, घेता येईल. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमिनीचा शेतसारा कोणाकडून घ्यायचा आणि ती कोण कसतो याची नोंद ठेवण्यासाठी तो निर्माण झाला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद खरी आहे असे गृहीत धरले जाते, परंतु विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपुष्टातही येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालापासून वारंवार सांगितले आहे. मालकी येते ती वारसाहक्काने, मृत्युपत्राने किंवा खरेदीखत, बक्षीसपत्र अशा नोंदणीकृत दस्ताने, आणि ती जातेही त्याच मार्गांनी. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातील हक्क सोडणारा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार नोंदवावाच लागतो. तो नोंदवलेला नसेल तर कलम ४९ मुळे हक्क सोडल्याचा पुरावा म्हणून न्यायालय तो वाचत नाही. त्यामुळे तुमचा फेरफार ज्या कागदावर उभा आहे, तो कागदच लंगडा आहे.

हिस्सा किती, हा भाग मात्र सविस्तर समजून घेण्यासारखा आहे, कारण तुमच्या बाबतीत तारखांना फार महत्त्व आहे. आजोबा १९५६ चा हिंदू वारसा अधिनियम येण्यापूर्वी वारले असल्यामुळे वडिलांच्या हाती आलेली ही जमीन मुलांच्या दृष्टीने सहदायकीची, म्हणजे ज्यात जन्मानेच हिस्सा मिळतो अशी एकत्र कुटुंबाची ठरते. १९९८ मध्ये वडील वारले तेव्हाच्या कायद्याप्रमाणे काल्पनिक वाटप (मृत्यूच्या लगेच आधी वाटप झाले असे मानून केलेला हिशेब) धरले तर वडील, आई आणि दोन भाऊ यांचे प्रत्येकी १/४ हिस्से झाले असते आणि वडिलांच्या १/४ मधून तुम्हाला केवळ १/१६ मिळाला असता. महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती त्याआधी विवाह झालेल्या मुलींना लागू नव्हती. या अधिनियमातील दुरुस्तीमुळे ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही जन्माने सहदायक झाली. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही आणि काल्पनिक वाटपाने सहदायकी मोडत नाही, हे विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने स्पष्ट केले. आता वडील, आई आणि तीन अपत्ये असे पाच समान भाग धरून वडिलांचा पाचवा भाग उरलेल्या चौघांत वाटला, की प्रत्येकाकडे १/५ अधिक १/२०, म्हणजेच १/४ येतो.

२००५ च्या या दुरुस्तीने २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटपे आणि विक्री यांना संरक्षण दिले आहे आणि तुमच्या भावांचा भर त्यावरच राहील. परंतु त्यासाठी वाटप नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले असावे लागते. तोंडी वाटपाचा बचाव, सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असल्याखेरीज, सहसा मान्य होत नाही.

उत्तर – निवृत्त मंडळ अधिकारी

वकील साहेबांनी कायदा सांगितला आहे, मी कागदांविषयी लिहितो. सातबाऱ्यावर वर्तुळात दिलेले फेरफार क्रमांक पाहून प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा आणि २००२ च्या फेरफारासोबतची वर्दी (बदल कळवणारा अर्ज), जबाब आणि जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० खालील नोटीस बजावल्याची पोच यांच्या प्रमाणित नकला मागा. नोटीस तुमच्या सासरच्या पत्त्यावर न जाता गावच्या घरी कोणीतरी घेतली असेल, तर ते त्या पोचेवरच दिसेल. आमच्या काळी कित्येक गावांत बहिणींची नावे मालकांच्या यादीऐवजी केवळ सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकली जात किंवा एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लावून विषय संपवला जाई. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण अभिलेखात ते आजही उघड दिसते.

फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे त्याच अधिनियमाच्या कलम २४७ खाली अपील करता येते. त्याची ६० दिवसांची मुदत उलटली असल्याने विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल. तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वाटप मागून मात्र उपयोग होणार नाही. मालकीचा वाद उपस्थित झाला की त्यांना दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवण्यावाचून पर्याय नसतो.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. भावांचे म्हणणे असे आहे, की २००२ पासून जमीन तेच कसत आहेत आणि बारा वर्षे उलटल्यामुळे आता दावा चालणारच नाही. यात तथ्य आहे का?

उत्तर – दिवाणी वकिली, पुणे

मुदत बारा वर्षांचीच आहे, परंतु ती २००२ पासून आपोआप मोजली जात नाही. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ११० नुसार ती, आपल्याला हिश्श्यातून वगळले आहे हे कळल्यापासून मोजतात. एका सहमालकाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असतो असे कायदा मानतो आणि तुमचा हक्क उघडपणे नाकारून तुम्हाला बाहेर ठेवले होते, हे भावांना सिद्ध करावे लागेल. याउलट, तुम्हाला ते पूर्वीच माहीत होते असे दाखवणारे एखादे पत्र किंवा साक्षीदार निघाला, तर अडचण होईल. ते २००२ च्या कागदाला कौटुंबिक व्यवस्थेची केवळ टिपणी म्हणतील, हेही गृहीत धरा, कारण आधी तोंडी ठरलेल्या गोष्टींची नुसती नोंद असलेला कागद नोंदवण्याची सक्ती नसते. त्यामुळे मूळ कागदाची नक्कल पाहिल्याशिवाय कोणीही निकालाची खात्री देऊ नये. सह्या फसवून घेतल्याचे मांडायचे असेल, तर कोणी, केव्हा आणि काय सांगून घेतल्या हा तपशील दाव्यातच लिहावा लागतो.

घाई आहे ती विक्रीची. घेणाऱ्याच्या वकिलाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, तर त्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत पोहोचवा. त्यापूर्वीच वाटपाचा, जाहीरनाम्याचा (तुमचा हक्क न्यायालयाने जाहीर करावा असा) आणि मनाई हुकुमाचा दावा दाखल करून प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. भाऊ स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो, तुमचा नाही. हिंदू वारसा अधिनियमाच्या कलम २२ नुसार वारसाने मिळालेला हिस्सा बाहेरच्याला विकण्यापूर्वी तो घेण्याचा अग्रहक्क अन्य वारसांना आहे आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. आईंनाही दाव्यात पक्षकार करावेच लागेल. त्या काही बोलोत वा न बोलोत, एक चतुर्थांश त्यांचाही आहे.