एसटीपीच्या सेटलिंग टँकवर गाळ तरंगतोय, फ्लशच्या पाण्याला वास: आधी काय बघू?

नवा_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी, आमच्या इमारतींचा स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) आहे, शुद्ध झालेलं पाणी फ्लशला आणि झाडांना जातं. दोनेक महिने झाले फ्लशच्या पाण्याला वास येतोय, काळे कण येतायत, रोज तक्रारी. काल स्वतः जाऊन बघितलं तर सेटलिंग टँकवर (जिथे गाळ खाली बसायला हवा ती टाकी) तळहाताएवढे तपकिरी गाळाचे थर तरंगत होते आणि खालून बुडबुडे. ऑपरेटर म्हणतो सकाळी जास्त असतं, दुपारपर्यंत ओसरतं. त्याचं मत की हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक) वाढवू आणि बॅक्टेरियाची पावडर मागवू. मला यातलं फारसं कळत नाही पण एक औषध जंतू मारायचं आणि एक वाढवायचं, दोन्ही एकदम कसं चालेल? मुळात घाण पाणी स्वच्छ होतं कसं ते कुणी सोपं करून सांगाल का? शनिवारी टाकीत उतरून तळ बघावा असं ठरवलंय.

प्लँटवर_१६_वर्षं
बाकी सगळं नंतर, आधी हे वाचा: टाकीत उतरू नका. तुम्हीही नाही आणि ऑपरेटरही नाही. गाळ सडला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, वास यायचाच बंद होतो, माणसाला वाटतं हवा सुधारली आणि तो जागच्या जागी कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. गॅस मीटर, हवेचा पंखा, कमरेला दोरी, वर माणसं हे सगळं घेऊन ट्रेनिंग झालेले लोक येतील तेव्हाच झाकणाच्या आत पाय.

आता तुमचा प्रश्न. सांडपाणी म्हणजे जवळपास ९९.९ टक्के पाणीच असतं, सगळी मारामारी त्या उरलेल्या चिमूटभर घाणीशी. जाळीवर कचरा अडतो, वाळू खाली बसते, मग पाणी एका टाकीत साठवून दिवसभर सारख्या वेगाने पुढे सोडतात, इथपर्यंत काही अवघड नाही. खरं काम एअरेशन टँकमध्ये, म्हणजे पाण्यात हवा सोडतात त्या टाकीत. तिथे जिवाणू पाण्यात विरघळलेली घाण खातात, वाढतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचे कापसासारखे पुंजके होतात. विरघळलेली घाण गाळून निघत नाही, पण तीच खाऊन झालेला पुंजका जड असतो, तो सेटलिंग टँकमध्ये तळाशी बसतो आणि वरचं स्वच्छ पाणी पुढे जातं. बसलेला गाळ फेकायचा नाही, बराचसा परत एअरेशनला आणायचा कारण तीच आपली कामगार मंडळी. १९१४ साली मँचेस्टरमध्ये अर्डर्न आणि लॉकेट यांनी हेच दाखवलं, गाळ न फेकता त्याच्यावरच नवं सांडपाणी घेत गेले तर आठवड्यांचं काम तासांवर आलं. आजही बहुतेक प्लँट याच तत्त्वावर चालतात.

म्हणजे तीन गोष्टी: हवा, गाळ परत येणं, आणि जास्तीचा गाळ वेळेवर काढणं. तुमचं यातलं काय बिघडलंय ते बघायला एक काम करा. ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) चालू असताना एअरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या पारदर्शक मोजपात्रात भरा, अर्धा तास हलवू नका, गाळ किती मिलीवर बसला ते लिहा. मग आणखी दोन तास तसंच ठेवा. आणि ब्लोअर चोवीस तास चालतो का ते सांगा.

नवा_सेक्रेटरी
उतरणं रद्द, खरंच धन्यवाद, हे माहितीच नव्हतं. टेस्ट केली. रंग चॉकलेटी, वास मातीसारखा. अर्ध्या तासात गाळ ३५० मिलीवर, वरचं पाणी छान नितळ. पण दीडएक तासाने गंमत झाली, बसलेला अख्खा थर तळापासून सुटून झाकणासारखा वर आला! काडीने ढवळलं तर बारीक बुडबुडे निघाले आणि परत खाली बसला. ब्लोअर रात्री ११ ते ५ बंद असतो, वीज वाचवायला आधीच्या कमिटीने ठरवलं होतं.

प्लँटवर_१६_वर्षं
मग सापडलं. तुमचे जिवाणू चांगले आहेत हो, उगाच पावडर आणू नका. गाळ फुगलेला असता, ज्याला आम्ही बल्किंग म्हणतो, तर अर्ध्या तासात बसलाच नसता. तुमचा बसतो आणि मग तरंगतो. भरपूर हवेत अमोनियाचं नायट्रेट होतं, पुढे गाळ तळाशी पडून राहिला आणि ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढतात आणि नायट्रोजन वायू सुटतो, तेच बुडबुडे गाळाला उचलतात. ढवळल्यावर वायू गेला, गाळ परत बसला.

आता बघा, छोट्या प्लँटमध्ये गाळ परत आणायला बऱ्याचदा एअरलिफ्ट असते, म्हणजे हवेच्या जोरावर गाळ वर उचलणारा पाइप, तिला हवा त्याच ब्लोअरची. तुमच्याकडेही तसंच असलं तर ब्लोअर सहा तास बंद म्हणजे गाळ सहा तास सेटलिंगच्या तळाशी, म्हणून सकाळी जास्त. तेवढ्या वेळात खालचा गाळ सडून काळाही पडतो, तेच तुमचे काळे कण. रात्री ब्लोअर चालू करा, वीज वाचवायचीच तर टायमर लावून थोडा थोडा वेळ बंद ठेवा, सलग नको. एअरेशनमध्ये विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो. आणि जास्तीचा गाळ रोज थोडा काढा, महिन्यातून एकदा भसाभसा नाही.

लॅबवाली
वरचं सगळं बरोबर, हायपोबद्दल माझं ऐका. हायपो फिल्टरच्या नंतरच, एअरेशनमध्ये कधीच नाही, तिथे टाकाल तर कामगारच माराल. पाण्यात गाळ आणि अमोनिया असेल तर क्लोरीन त्यांच्यातच संपतो, जंतूंपर्यंत पोचतच नाही आणि मग डोस वाढवत बसायचं, वास मात्र दोन्हींचा. आधी पाणी नितळ, मग क्लोरीन, मग निदान अर्धा तास संपर्क, आणि शेवटी थोडा क्लोरीन शिल्लक आहे का ते किटने तपासा. जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्यालाही हेच लागू, गढूळ पाण्यात किरण आत शिरत नाहीत.

दुसरं, नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. बीओडी (उरलेली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप), अमोनिया आणि कॉलिफॉर्म (मैल्याची खूण सांगणारे जिवाणू) डोळ्यांना दिसत नाहीत, दर महिन्याला नमुना तपासून घ्या. अर्थात नीट केलं तर हेच पाणी फार लांबपर्यंत नेता येतं, नामिबियाच्या विंडहुकमध्ये १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात, पण तिथे एकामागे एक कितीतरी पायऱ्या आहेत आणि सतत तपासणी. तुमचं फ्लशपुरतंच ठेवा आणि त्या नळांवर ठळक पाटी लावा, लहान मुलं तोंड लावतात.

नवा_सेक्रेटरी
नऊ दिवस झाले. एअरलिफ्टच होती. रात्री आता टायमरवर, वीस मिनिटं बंद आणि चाळीस चालू. तरंगणारा गाळ चौथ्या दिवशी गेला. फ्लशचा वास कमी झालाय पण पूर्ण नाही, काळे कणही अधूनमधून येतात.

प्लँटवर_१६_वर्षं
गच्चीवरची फ्लशची टाकी बघा, दोन महिन्यांचा गाळ तिच्या तळाशी बसला असेल. ती रिकामी करून धुवा, सँड फिल्टर नीट बॅकवॉश करा, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून धुवा. आणि ती टाकी धुतानाही आत माणूस उतरवू नका, वरूनच पाण्याचा फवारा मारा.