बेट असलं म्हणून वाण मोजकेच असतील असं नाही

बेटावर बाहेरून काही येत नाही, म्हणून तिथल्या मलेरियाच्या परजीवीत वैविध्य कमीच, असं म्हटलं जातं; मला हा मुद्दा अर्धाच पटतो. माणसाच्या रक्तात हा परजीवी अलैंगिक पद्धतीनं वाढतो, नर-मादी मिलन होतं ते डासाच्या पोटात. डास ज्याला चावला त्याच्या रक्तात परजीवीचा एकच वाण (म्हणजे एकाच जातीतला जनुकीय प्रकार) असेल तर मिलन आपसातच, नवं काही निघत नाही. दोन-तीन वाण असतील तर जनुकांची सरमिसळ. म्हणजे प्रसार घटला की एकाच माणसात अनेक वाण असणं कमी होतं आणि वैविध्य घटतं, मग चहूबाजूंनी समुद्र असो वा ऊस. आणि बोटींचं काय? झांझिबारनं मलेरिया खूप खाली आणला, तरी टांझानियाच्या मुख्य भूमीवरून ये-जा करणाऱ्यांबरोबर तो येतच राहतो.

आमच्या कोल्हापुरातल्या लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइडवर मलेरिया सापडला की पहिला प्रश्न, "मागच्या महिन्यात कुठं होता?" शिरोलीच्या फौंड्रीतला कामगार बऱ्याचदा नुकताच गावाकडनं आलेला असतो. व्हायवॅक्स ही परजीवीची जात असेल तर एवढी चौकशीही पुरत नाही, तो यकृतात महिनोन् महिने दडून बसतो. तांबड्या पेशीतला अंगठीसारखा दिसणारा परजीवी बघून त्याची जात ओळखता येते (स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, नीट रंगला असेल तर!), वाण नाही. एका रुग्णात किती वाण आहेत ते बघायला परजीवीच्या एमएसपी-१, एमएसपी-२ या जनुकांचं पीसीआर लागतं, आणि ते रोजच्या लॅबचं काम नव्हे.