१८ जणांच्या गटाची पहिली क्रूझ : निघण्यापूर्वी काय ठरवून ठेवावे?

निशिगंध (प्रश्न)

आम्ही सासर-माहेरचे मिळून १८ जण पुढच्या हंगामात भूमध्य समुद्रातील ७ रात्रींच्या क्रूझला जाण्याचे ठरवत आहोत. सर्वांत धाकटी नणंदेची ४ वर्षांची मुलगी आहे आणि सर्वांत थोरले माझे सासरे ८१ वर्षांचे असून काठी घेऊन सावकाश चालतात. आमच्यापैकी कोणीही यापूर्वी क्रूझ केलेली नाही, आणि आखणीचे काम सर्वांनी विश्वासाने माझ्याकडे सोपवले आहे.

आजवरच्या आमच्या सगळ्या एकत्र सहली बसने झाल्या. कोणाला उशीर झाला तर चालकाला थांबायला सांगता येत असे, त्यामुळे शिस्तीचा प्रश्न कधी आलाच नाही. जहाजाच्या बाबतीत तसे नसते एवढे कळते, पण मग नेमके काय आधी ठरवून ठेवावे लागते, केबिन कशा निवडाव्यात आणि बंदरांवर १८ जणांनी एकत्र फिरावे की वेगवेगळे, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे. माहितीपत्रके वाचून झाली आहेत. त्यांत जे लिहिलेले नसते ते मला हवे आहे.

दूरदेशी

बस थांबवता येते आणि जहाज थांबवता येत नाही, हा फरक तुम्ही स्वतःच नेमका ओळखला आहे. बाकीची पुष्कळशी आखणी त्याच एका गोष्टीभोवती करावी लागते, म्हणून तिच्याबद्दलच जरा विस्ताराने लिहितो.

प्रत्येक बंदरावर प्रवाशांनी परत येण्याची शेवटची वेळ जाहीर केलेली असते. ती बहुधा जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते, काही ठिकाणी एक तास आधीचीही असते. आम्ही ११ जण गेलो होतो तेव्हा माझा मेव्हणा आणि त्याची पत्नी दुपारी 'एवढी एक गल्ली पाहून येतो' म्हणून गटापासून वेगळे झाले. आम्ही बाकीचे वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे होतो. जिना आत ओढून घेतला गेला, धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यांवरून जाड दोर एकेक करून सोडवले गेले, आणि जहाज व धक्का यांच्यामध्ये हातभर पाणी दिसू लागले, तेव्हा ते दोघे धक्क्याच्या पलीकडच्या टोकाकडून पळत येताना दिसले. त्यांच्या मोबाइलमधली वेळ जहाजाच्या वेळेपेक्षा एक तास मागे होती. जहाज आदल्या दिवशीच्या देशाची वेळ पाळत होते आणि मोबाइलने मात्र किनाऱ्यावरच्या मनोऱ्याची वेळ आपोआप घेतली होती. इटली आणि ग्रीस यांच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे, त्यामुळे तुमच्या मार्गावरही हे घडू शकते. पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास त्यांना स्वतःच्या खर्चाने करावा लागला.

त्यानंतर आमच्या घरात दोन नियम पक्के झाले. प्रत्येक छोट्या गटात निदान एकाच्या मनगटावर साधे काट्यांचे घड्याळ असते आणि ते जहाजाच्या वेळेवर लावलेले असते. दुसरा नियम असा, की जहाजावर रोज मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत त्या बंदरातील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो, तो कागद खिशात घेतल्याशिवाय कोणी खाली उतरत नाही.

१८ जणांनी बंदरावर एकत्र फिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाला स्वच्छतागृह, दुसऱ्याला चहा, तिसऱ्याला छायाचित्र, अशाने दर चौकात अर्धा तास जातो आणि शेवटी चिडचिड होते. चार-पाच जणांचे गट करा, प्रत्येक गटात माणसे मोजणारा एक जण नेमा, आणि शेवटच्या वेळेच्या एक तास आधी सर्वांनी जहाजाजवळ भेटायचे असे ठरवा.

जहाजाकडून होणाऱ्या सहली महाग असतात हे खरे, पण त्या सहलीची बस अडकली तर जहाज बहुधा थांबते, आणि थांबणे शक्य नसेल तर प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. जास्तीचे पैसे मुख्यतः या हमीचे असतात. म्हणून अंतर पाहून ठरवावे. चिविताव्हेकिया हे रोमचे बंदर म्हटले जाते, पण तिथून रोमला रेल्वेने साधारण तासभर तरी लागतो. लिव्होर्नोहून फ्लॉरेन्सचीही तीच गोष्ट. अशा ठिकाणी पहिल्या खेपेला जहाजाचीच सहल घ्या. पिरेयसहून अथेन्स मात्र जवळ आहे आणि मेट्रो आहे, तिथे आपले आपण जाता येते.

सासऱ्यांसाठी एक गोष्ट आरक्षणापूर्वीच पाहा. सगळ्याच बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही. सँतोरिनीला ते समुद्रातच नांगर टाकते, लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात, आणि खालच्या जुन्या बंदरातून वर गावात जायला केबल कार किंवा जवळपास ६०० पायऱ्या असतात. परतताना केबल कारची रांगही मोठी असते. लहान बोटीत पाऊल टाकताना बोट वर-खाली होत असते, आणि समुद्र खवळलेला असेल तर काठी किंवा चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांना कर्मचारी उतरू देत नाहीत. अशा दिवशी त्यांच्यासोबत जहाजावर कोण थांबणार, हे घरीच ठरलेले बरे. ऐन वेळी विषय निघाला की त्यांना आपण ओझे झालो असे वाटते.

खिडकीपाशी

केबिनविषयी लिहिते. सर्वांत स्वस्त भावात अनेकदा केबिनचा फक्त प्रकार ठरतो आणि क्रमांक कंपनी नंतर देते. दोघांच्या प्रवासात याने फारसे बिघडत नाही, पण तुमच्या गटात एक कुटुंब पाचव्या डेकवर पुढच्या टोकाला आणि दुसरे अकराव्या डेकवर मागे, असे होऊ शकते. थोडे जास्त पैसे देऊन क्रमांक निवडून घ्या, निदान सासरे आणि लहान मुलीच्या केबिनचे तरी.

सासऱ्यांची केबिन जहाजाच्या मध्यभागी, खालच्या बाजूच्या डेकवर आणि लिफ्टजवळ असावी. लाटांवर जहाज साधारणपणे मध्याभोवती झुलते, त्यामुळे दोन्ही टोकांना आणि उंचावर हेलकावे अधिक जाणवतात. शिवाय मोठ्या जहाजांचे बोळ इतके लांब असतात, की टोकाच्या केबिनमधून भोजनकक्षापर्यंत जाणे हाच वयस्कर माणसाला एक फेरफटका होतो. डेकचा नकाशा पाहून वर-खाली काय आहे तेही तपासा. आमच्या केबिनच्या अगदी वर पोहण्याच्या तलावाचा डेक होता आणि पहाटे ५ वाजता खुर्च्या ओढण्याचा आवाज सुरू होत असे.

सगळ्यांची आरक्षणे एकमेकांशी जोडून घ्यायला विसरू नका. तसे न केल्यास रात्रीच्या जेवणाला वेगवेगळ्या वेळा आणि टेबले मिळतात. नावे पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न अक्षर द्यावीत.

पैशांचा मुद्दा नाजूक आहे, पण तो टाळता येत नाही. पूर्ण रक्कम भरण्याची मुदत प्रवासाच्या बरेच आधी, पुष्कळदा ९० दिवस किंवा त्याहून आधी संपते, आणि त्यानंतर रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम दर टप्प्याला वाढत जाते. दोघांच्या केबिनमधला एक जण गळाला, तर उरलेल्याला जवळपास दुप्पट भाडे पडू शकते. मध्येच कोणी माघार घेतली तर तो भार कोणी उचलायचा, हे पहिला हप्ता भरण्यापूर्वी सर्वांना लेखी कळवा.

अक्षांश

तुमच्या गटाला शेंगेन व्हिसा (युरोपातील बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) लागणार असेल, तर मार्ग नीट पाहा. जहाज ग्रीसहून तुर्कस्तानातील कुशादासीला जाऊन परत ग्रीसला येत असेल, तर तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर जाऊन पुन्हा आत येता, म्हणून एकापेक्षा अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्या प्रवाशाला कंपनी पहिल्याच बंदरावर नाकारू शकते. जुने सल्ले वाचताना हेही ध्यानात घ्यावे, की क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान ६ महिने उरलेली असावी. शेंगेनचा किमान नियम ३ महिन्यांचा आहे, पण बऱ्याच कंपन्या आणि इतर देश ६ महिने मागतात.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नका. जहाजावरच्या दवाखान्याचे बिल आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च विम्यात आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या, आणि सासऱ्यांचे जुने आजार न लपवता नोंदवा. आजार लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारला गेला, तर परक्या देशात कोणाकडे दाद मागणार?

विमानाने बंदराच्या गावी जाणार असाल, तर आदल्या दिवशीच पोहोचा. १८ जणांचे सामान आणि जोडविमाने असताना त्याच दिवशी पोहोचण्याचा धोका पत्करण्यासारखा नाही.

कासवचाल

मी परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे प्रकृतीपुरते लिहिते. बोट लागते त्यांनी गोळी उलट्या सुरू होण्याची वाट न पाहता आधी घ्यावी. पण या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते आणि वयस्कर माणसांचा तोल जाऊ शकतो, म्हणून सासऱ्यांसाठी आणि मुलीसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. मोकळ्या हवेत डेकवर उभे राहून क्षितिजाकडे पाहिल्याने पुष्कळांना बरे वाटते.

जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरते ती अनेकदा नोरोव्हायरसमुळे. या विषाणूवर अल्कोहोलचे सॅनिटायझर पुरेसे काम करत नाही, म्हणून जेवणापूर्वी साबण आणि पाण्यानेच हात धुवावेत. कोणाला त्रास सुरू झाला तर तो लपवू नये; आजाऱ्याला केबिनमध्ये थांबावे लागेल म्हणून कुटुंबे गप्प राहतात आणि आजार पसरतो.

चढताना मोठ्या बॅगा बंदरावरच घेतल्या जातात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते. औषधे, चष्मा, पासपोर्ट आणि मुलीचे कपडे हातातल्या पिशवीतच असू द्या.

सुरक्षेच्या सरावाला सर्वांनी, मुलीसकट, मनापासून हजर राहावे ही माझी कळकळीची विनंती आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज जील्यो बेटाजवळ खडकावर आदळले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण तेव्हा त्यासाठी २४ तासांची सवलत होती. १ जानेवारी २०१५ पासून सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक आहे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की आपल्या जमण्याच्या जागी जायचे, आणि ती जागा कोणत्या डेकवर आहे, हे गटातील प्रत्येकाला तोंडपाठ हवे.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. सँतोरिनीच्या दिवशी सासऱ्यांसोबत मी स्वतः थांबणार, हे आज घरी सांगून टाकले. आता एकच विचारते : जहाजावर १८ जणांनी एकमेकांच्या संपर्कात कसे राहायचे, आणि खर्चाचा हिशेब वेगळा कसा ठेवायचा?

दूरदेशी

जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की मोबाइल जहाजावरचे उपग्रहाचे जाळे पकडतो आणि त्याचे दर फार मोठे असतात, म्हणून चढल्याबरोबर सर्वांचे मोबाइल विमानप्रवासाच्या स्थितीत टाका. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये आपसात संदेश पाठवण्याची सोय असते आणि ती जहाजाच्या वायफायवर चालते; काही ठिकाणी तिला थोडे शुल्क पडते. तरीही ॲपवर पूर्ण विसंबू नका. रोज सकाळी न्याहारीनंतर ठरलेल्या जागी दहा मिनिटे जमा, दिवसाची आखणी सांगा, आणि बदल झाला तर चिठ्ठी केबिनच्या दाराला लावा. आमच्या आईला चिठ्ठीच सर्वांत सोयीची वाटली.

हिशेबासाठी प्रत्येक कुटुंबाने आपली केबिन आपल्या क्रेडिट कार्डाला जोडावी. डेबिट कार्ड दिल्यास कंपनी खात्यातली रक्कम आगाऊ अडवून ठेवते आणि ती मोकळी व्हायला प्रवासानंतरही काही दिवस जातात. कर्मचाऱ्यांची बक्षिसी पुष्कळ कंपन्यांत दर माणशी दर दिवशी आपोआप लागते, ती आधीच अंदाजपत्रकात धरा. बिल शेवटच्या रात्रीपर्यंत न थांबता दर दोन दिवसांनी पाहावे, कारण चूक असेल तर शेवटच्या सकाळी चौकशीच्या खिडकीवर फार मोठी रांग असते.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट बंदरावर परत मिळतात. आमच्या गटातील एका काकांनी सगळेच कपडे भरून टाकले होते आणि सकाळी त्यांच्याजवळ फक्त रात्रीचे कपडे व सपाता उरल्या. बॅगा बाहेर जाण्यापूर्वी तुम्ही स्वतः सासऱ्यांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांचे दुसऱ्या दिवशीचे कपडे, बूट, सकाळच्या गोळ्या आणि काठी बाजूला काढून ठेवा.